मोटारीतील अँप्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी



मोटारींचे सुटे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात पाऊल टाका. दुकान बेळगावातले असो, मडगावातले असो की इंदूर-बडोद्याकडचे असो, फळीवर रचलेल्या खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले दिसतील. १२०० वॅट, ३००० वॅट, एखाद्यावर तर ५००० वॅट. आपल्या घरातील विजेची इस्त्री सुमारे १००० वॅटची असते. मग तिच्या तिप्पट शक्ती आसनाखाली सरकविण्याजोग्या एका चपट्या पेटीतून, मोटारीच्या लहानशा बॅटरीच्या जोरावर, खरोखरच निघत असेल काय? ग्राहकाने एवढा एक प्रश्न विचारला, तर पुढचा पुष्कळसा घोटाळा टळेल. परंतु तो सहसा विचारला जात नाही. मोठा आकडा पाहून अँप्लिफायर घेतला जातो, बाह्य रूप पाहून सबवूफर घेतला जातो, आणि दोघांची गाठ घालून देण्याचे काम घाईत असलेल्या कारागिरावर सोपविले जाते. काही महिन्यांत स्पीकरमधून फाटका आवाज येऊ लागतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडीच्या गालिच्याखाली तार तापून वितळते. कोणत्या स्पीकरला कोणता अँप्लिफायर शोभतो, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम स्पीकर म्हणजे काय, ते पाहू. १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी ज्या धर्तीचा स्पीकर जगापुढे मांडला, त्याच धर्तीचे स्पीकर आजही आपल्या मोटारीच्या दारात बसविलेले असतात. चुंबकाच्या खोबणीत बारीक तारेचे एक वेटोळे असते आणि त्या वेटोळ्याला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू जोडलेला असतो. वेटोळ्यातून वीज उलटसुलट वाहू लागली की शंकू मागेपुढे हलतो, शंकूबरोबर हवा हलते, आणि तोच नाद आपल्या कानी पडतो. शंकू हलविण्याइतकी वीज रेडिओच्या किंवा मोबाइलच्या क्षीण संकेतात नसते. ती पुरविणे हे अँप्लिफायरचे काम. पाठ्यपुस्तकात त्याला विवर्धक म्हणतात. बाजारात हा शब्द उच्चारला तर दुकानदार गोंधळून पाहील, म्हणून आपण अँप्लिफायरच म्हणू.

आता ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वेटोळ्याला दिलेल्या विजेपैकी शेकडा एक भागसुद्धा बहुधा नादात उतरत नाही. उरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन वेटोळ्याला तापविते. तेव्हा ‘१०० वॅटचा स्पीकर’ या शब्दांचा अर्थ तो १०० वॅटचा आवाज काढील असा नसून, त्याचे वेटोळे १०० वॅटची झळ सोशील एवढाच आहे. अँप्लिफायर वॅट देतो, स्पीकर वॅट सोसतो. एकाच्या पेटीवरील आकडा देण्याचा असतो, दुसऱ्याच्या पेटीवरील सोसण्याचा. हा भेद नीट कळला म्हणजे जोडी जुळविण्याचे निम्मे काम झाले.

परंतु देण्याचा जो आकडा छापलेला असतो, तो खरा असतो काय? मोटारीबरोबर येणाऱ्या साध्या स्टीरिओचेच उदाहरण घेऊ. त्यावर ‘५० वॅट, चार चॅनेल’ असे लिहिलेले असते. इंजिन चालू असताना मोटारीची वीज साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्टची असते, आणि लहान स्टीरिओच्या पोटातील अँप्लिफायरला त्याहून वरचा दाब निर्माण करण्याची सोय नसते. ज्या लाटेचे शिखर १४.४ व्होल्ट आहे, तिचे परिणामी मूल्य काढण्यासाठी १.४१४ ने भागावे लागते. उत्तर सुमारे १०.२ येते. या १०.२ चा वर्ग केला आणि स्पीकरच्या ४ ओहमांनी त्याला भागले की सुमारे २६ वॅट हाती लागतात. आतल्या भागांत होणारी घट वजा केली तर १८ ते २२ वॅट उरतात. मग ५० आले कोठून? १.४१४ ने भागण्याची पायरी गाळा आणि १४.४ चाच वर्ग करून चाराने भागा. ५२ उत्तर येईल. म्हणजे संगीताची गोलसर लाट शेंडा व बूड कापून पार चौकोनी केली, तर ५० वॅट निघू शकतील. मात्र त्या वेळी गाणे ऐकू न येता केवळ खरखर ऐकू येईल. छापलेला आकडा सर्वस्वी खोटा नाही, असे निर्मात्याचा वकील म्हणू शकेल; पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे.

म्हणून अँप्लिफायर असो वा स्पीकर असो, पेटीवर ‘आर. एम. एस.’ ही तीन अक्षरे शोधावीत. सतत देता किंवा सोसता येणारी शक्ती ती हीच. ‘पीक’, ‘मॅक्स’ किंवा ‘पी. एम. पी. ओ.’ यांपुढील आकडा कितीही भव्य असला तरी त्याकडे काणाडोळा करावा. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांच्या संघटनेने २००३ साली मोटारीतील अँप्लिफायर मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत प्रसिद्ध केली. तिचे नाव सीईए-२००६ असे आहे; यातील २००६ हा सन नसून क्रमांक आहे. पुढे संघटनेचे नाव बदलल्यामुळे तिला सीटीए-२००६ असेही म्हणतात. या पद्धतीत १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओहमचा भार आणि शेकडा १ पेक्षा अधिक विकृती नाही, अशा अटींवर वॅट मोजतात. ही मुद्रा ज्या पेटीवर आहे, तिच्यावरील आकडा विश्वासाने घ्यावा.

मुद्रा नसेल तर आणखी एक युक्ती आहे, आणि ती सातवीआठवीच्या मुलालाही करता येईल. अँप्लिफायरच्या अंगावर फ्यूज बसविलेला असतो. त्यावरील अँपिअरचा आकडा वाचावा. समजा ३० आहे. तीस गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट. एवढीच वीज आत जाऊ शकते. जुन्या एबी वर्गाच्या अँप्लिफायरमध्ये आत गेलेल्या विजेपैकी शेकडा ५० ते ६० भाग बाहेर पडतो, नव्या डी वर्गाच्या अँप्लिफायरमध्ये शेकडा ८० च्या आसपास. म्हणजे हा अँप्लिफायर एबी वर्गाचा असल्यास २५० वॅटपलीकडे सतत काही देणार नाही, डी वर्गाचा असल्यास ३३० च्या घरात देईल. क्षणभराचा झटका फ्यूज सोसतो हे खरे. तथापि पेटीवर ३००० लिहिले आहे आणि फ्यूज ३० चा आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. खऱ्या ३००० वॅटांसाठी डी वर्गाच्या अँप्लिफायरलाही सुमारे २७० अँपिअर प्रवाह लागेल, आणि लहान मोटारीतील अल्टरनेटर बहुधा साठसत्तर ते नव्वद अँपिअरचाच असतो.

खरा आकडा हाती आल्यावर मग जोडी जुळवावी. अँप्लिफायरची प्रत्येक चॅनेलची आर. एम. एस. शक्ती स्पीकरच्या आर. एम. एस. क्षमतेच्या पाऊणपट ते दीडपट असावी, असा व्यवहारातील संकेत आहे. ६० वॅट सोसणाऱ्या स्पीकरला ४५ पासून ९० पर्यंत कोणताही अँप्लिफायर चालेल. यावर कोणीही विचारील की, सोसणारा ६० चा आणि देणारा ९० चा, मग स्पीकर जळणार नाही काय? शंका रास्त आहे. परंतु संगीत म्हणजे सारखी वाहणारी धार नव्हे. तबल्याची थाप क्षणभर उसळते आणि विरते. गायकाचा स्वर चढतो आणि उतरतो. शिखरे उंच असतात, सरासरी पुष्कळ खाली असते. अँप्लिफायर सशक्त असला तर ती शिखरे न कापता बाहेर पडतात आणि वेटोळ्याला सरासरीचीच झळ लागते.

याच्या उलट, दुबळ्या अँप्लिफायरकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा केली म्हणजे लाटेचे शेंडे कापले जातात. लाट चौकोनी होऊ लागली की तिच्या पोटातील सरासरी वीज वाढते. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोलसर लाटेच्या दुप्पट शक्ती असते. शिवाय कापल्या गेलेल्या कडांतून मुळात नसलेले तीव्र स्वर उत्पन्न होतात आणि ते सर्वांत नाजूक अशा ट्वीटरवर जाऊन आदळतात. म्हणून ‘लहान अँप्लिफायर स्पीकर जाळतो’ असे दुकानातून ऐकू येते. वाक्य अर्धेच खरे आहे. लहान अँप्लिफायर हळू वाजविला तर वर्षानुवर्षे काही होत नाही. त्याला त्याच्या मगदुरापलीकडे पिळले म्हणजे स्पीकर जळतो.

वॅटांची चर्चा करताना स्पीकरची संवेदनशीलता विसरू नये. एकाच शक्तीवर एक स्पीकर ८८ डेसिबल आवाज देत असेल आणि दुसरा ९१ देत असेल, तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात. तीन डेसिबलांचा फरक म्हणजे शक्तीची दुप्पट. आवाज कानाला दुप्पट मोठा वाटावा असे असेल, तर डेसिबल दहाने वाढावे लागतात आणि वॅट दहापट! १०० वॅटांचे २०० केले तर आवाज दुप्पट होईल, ही समजूत सोडून द्यावी. आकड्यांची तुलना करताना मात्र एक चलाखी ओळखावी. काही निर्माते १ वॅटवर मोजतात, तर काही २.८३ व्होल्टवर. ८ ओहमच्या स्पीकरला दोन्ही सारखेच. पण मोटारीच्या ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात आणि आकडा आपोआप ३ ने फुगतो.

आता ओहमकडे वळू, कारण जोड्या मोडतात त्या बहुतेक येथेच. ज्याच्या नावाने हे एकक चालते, तो गेऑर्ग ओहम आपला नियम १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यापूर्वी अनेक वर्षे कोलोन येथील जेझुइट जिम्नॅशियम या शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत होता. शाळेतील साधनांवरच प्रयोग करून त्याने हा नियम शोधला, याचे आम्हा मास्तर लोकांना थोडे कौतुक वाटते. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला तर प्रवाह दुप्पट होतो, एवढेच तो नियम सांगतो. स्पीकरचा रोध नादाच्या कंपनसंख्येप्रमाणे बदलत असल्यामुळे त्याला इंपीडन्स म्हणतात, आणि पेटीवरील ४ ओहम हा ठोकळ आकडा असतो. साध्या मीटरने मोजल्यास ३.२ ते ३.६ च्या आसपास काटा थांबेल. त्यामुळे माल सदोष आहे असे समजू नये.

४ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की २ ओहम होतात. एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले की ८ होतात. अँप्लिफायरच्या माहितीपत्रकात तो किमान किती ओहमपर्यंत टिकेल ते दिलेले असते. त्याखाली गेल्यास प्रवाह वाढतो, अंग भाजेल इतका अँप्लिफायर तापतो आणि दैव चांगले असेल तर स्वतःहून बंद पडतो. उलट ओहम जास्त असल्यास कोणताही धोका नाही, केवळ वॅट कमी मिळतात. भीती खालच्या बाजूची बाळगावी.

सबवूफर घेताना हा हिशेब जास्त काळजीने करावा लागतो, कारण पुष्कळ सबवूफरांत दोन वेटोळी असतात. ४ ओहमची दोन वेटोळी समांतर जोडली तर २, एकसर जोडली तर ८; ४ मात्र कोणत्याही रीतीने होत नाहीत! २ ओहमची दोन वेटोळी असतील, तर एकसर जोडून ४ आणि समांतर जोडून १ असा पर्याय मिळतो. म्हणून अँप्लिफायर कोणत्या ओहमवर किती देतो, ते आधी पाहावे आणि मग सबवूफरच्या वेटोळ्यांची निवड करावी. आधी सबवूफर आणून मग अँप्लिफायर शोधणे म्हणजे घोड्याआधी नाल विकत घेणे होय.

सबवूफरला वॅट एवढे का लागतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. खर्जातील नाद काढणे हे कष्टाचे काम आहे. मोठ्या चर्चमधील पाइप ऑर्गनची सोळा फुटी नळी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना याची कल्पना येईल. तेवढ्या उंच नळीतून सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा स्वर निघतो. गोव्यातील घुमटाचा घुमारा त्याच्या पोकळ मडक्यावाचून निघत नाही. शंकूच्या बाबतीत नियम असा आहे की, तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढावयाचा असेल तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ८० कंपनांना शंकू २ मिलिमीटर हलत असेल, तर ४० कंपनांना ८ मिलिमीटर हलला पाहिजे. दारातील सहा-साडेसहा इंची स्पीकरला हे झेपत नाही. त्यात आपला कानही खर्जाच्या बाबतीत मंद असतो. म्हणून खर्जासाठी दहा-बारा इंची वेगळा स्पीकर, त्याला मापाची बंद पेटी आणि त्याच्यासाठी अधिक वॅट, अशी योजना करावी लागते. सुदैवाने मोटारीची बंद जागा लहान असल्यामुळे अतिखर्जाला आपोआप उठाव मिळतो, तेव्हा घरच्या मानाने कमी शक्तीत काम भागते. १५० ते ३०० खरे वॅट लहान मोटारीला पुष्कळ झाले. पेटी मात्र निर्मात्याने सांगितलेल्या घनफळाचीच असावी. सुताराने डिकीत मावेल तेवढी बनविलेली पेटी चांगल्या सबवूफरची माती करते.

येथवर आलो, तर एक संपूर्ण जुळणी करून पाहू. गाडी लहान आहे. पुढच्या दोन दारांत ४ ओहमचे, ६० वॅट आर. एम. एस. सोसणारे स्पीकर बसवावयाचे आहेत आणि डिकीत एक सबवूफर. चार चॅनेलचा एक अँप्लिफायर घेतला. तो ४ ओहमवर दर चॅनेलला ७५ वॅट देतो, २ ओहमवर १०० देतो, आणि दोन चॅनेल एकत्र करून, म्हणजे ब्रिज करून, ४ ओहमवर २०० देतो. पुढच्या दोन चॅनेलांवर दारातील स्पीकर लावले. ७५ हे ६० च्या सव्वापट, म्हणजे संकेतात बसले. मागचे दोन चॅनेल ब्रिज करून त्यांवर सबवूफर लावावयाचा. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला भाराचा निम्माच रोध दिसतो. ४ ओहमचा सबवूफर त्याला २ सारखा भासतो आणि २ पर्यंत तो टिकतो. म्हणून एका वेटोळ्याचा ४ ओहमचा किंवा २ ओहमच्या दोन वेटोळ्यांचा, सुमारे २०० वॅट सोसणारा सबवूफर घ्यावा. कोणी हौसेने ४ ओहमच्या दोन वेटोळ्यांचा आणला, तर समांतर जोडल्यास अँप्लिफायरला १ ओहम दिसून तो बंद पडेल. एकसर जोडल्यास ८ होऊन २०० ऐवजी १५० वॅट मिळतील. दुसरी तऱ्हा निर्धोक आहे आणि कानाला तो फरक फारसा जाणवणारही नाही. एवढ्या जुळणीत चोर्ला घाटाच्या वळणांवरही गाणे स्पष्ट ऐकू येईल आणि अल्टरनेटरही धापा टाकणार नाही.

आता तारेविषयी. येथे मुद्दा आवाजाचा राहत नाही, गाडीच्या आणि आत बसलेल्या माणसांच्या सुरक्षिततेचा होतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत सुमारे पाच मीटर तार लागते. काही ठिकाणी घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तार सर्रास वापरली जाते. तांब्याच्या अशा पाच मीटर तारेतून ३० अँपिअर गेले, तर तारेतच एक व्होल्ट खर्ची पडतो आणि सुमारे ३० वॅट उष्णता गालिच्याखाली निर्माण होते. त्याऐवजी १६ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर हीच उष्णता पाच वॅटांपेक्षाही कमी होते. तार शुद्ध तांब्याची असावी. स्वस्त संचातील पुष्कळशा तारा आतून अॅल्युमिनियमच्या असून वरून तांब्याचा मुलामा दिलेला असतो; चाकूने टोक खरवडले तर पांढरी चकाकी दिसते. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या शेकडा ६१ एवढीच असल्यामुळे अशी तार घ्यावयाचीच तर बरीच जाड घ्यावी.

तारेहून महत्त्वाचा तिच्यावरील फ्यूज. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या गाडीत कारागिराने अँप्लिफायरपाशी फ्यूज बसविला होता आणि बॅटरीपाशी काहीच नव्हते. इंजिनमागच्या पत्र्यातून जेथे तार आत घेतली होती, तेथे रबराची कडीही घातली नव्हती. पत्र्याच्या धारेने आवरण कापले गेले, उघडे तांबे गाडीच्या अंगाला टेकले आणि बॅटरीची सगळी शक्ती त्या एका जागी वाहू लागली. गाडी उभी होती आणि पाना हाताशी होता, म्हणून बॅटरीचे टोक वेळेवर सोडविता आले. अँप्लिफायरजवळचा फ्यूज या प्रसंगी काय करणार? दोष त्याच्या अलीकडेच घडला होता. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असला पाहिजे. तो तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा तारेला झेपेल त्याहून मोठा नसावा. आपल्या वरच्या उदाहरणात १६ चौरस मिलिमीटरची तार आणि ५० अँपिअरचा फ्यूज पुरेसा होईल. अर्थिंगची तारही तितकीच जाड, शक्य तेवढी आखूड, आणि पत्र्यावरील रंग खरवडून चकचकीत धातूवर घट्ट आवळलेली असावी. गाण्यात इंजिनाची शीळ ऐकू येते तेव्हा पुष्कळदा दोष येथेच सापडतो. गाडी नवी असल्यास मूळच्या तारा कापू देऊ नयेत. त्या गाडीचे कपलर बाजारात मिळतात आणि ते वापरल्याने वॉरंटीचा तंटाही टळतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी आवरणाच्या तारांना स्पर्शही करू नये. त्या जीवघेण्या दाबाच्या असतात. अँप्लिफायरची वीज १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवरूनच घ्यावी, आणि तीही गाडीच्या कंपनीला विचारून.

सर्व जोडून झाल्यावर अँप्लिफायरवरील ‘गेन’ नावाचा स्क्रू उरतो. याला आवाजाचे बटण समजून पुरा पिळणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः त्याचे काम एवढेच की, स्टीरिओकडून येणाऱ्या संकेताचा दाब आणि अँप्लिफायरची पूर्ण शक्ती यांची सांगड घालावी. साधा मल्टिमीटर असला तर हे काम बिनचूक करता येते. हवे असलेले वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे. दारातील स्पीकरसाठी ६० गुणिले ४ म्हणजे २४०, वर्गमूळ १५.५ व्होल्ट. सबवूफरसाठी २०० गुणिले ४ म्हणजे ८००, वर्गमूळ २८.३ व्होल्ट. स्पीकरच्या तारा सोडवाव्या, इंजिन चालू ठेवावे, स्टीरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्यावा, बेस-ट्रेबल मध्यावर ठेवावे. मग चाचणीचा स्थिर स्वर लावावा. दारांसाठी सेकंदाला १००० कंपनांचा, सबवूफरसाठी ५० चा. मीटर उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर लावावा आणि तो आकडा दिसेपर्यंत गेन हळूहळू फिरवावा. अँप्लिफायर ७५ चा असला तरी आपण त्याला ६० वरच थांबविले, म्हणजे स्पीकर निर्धास्त झाला. पुढे ८० कंपनांच्या आसपास विभागणी करावी. त्यावरचे स्वर दारांकडे, खालचे सबवूफरकडे. दारातील स्पीकरवरून खर्जाचा भार उतरला की त्यांचा आवाज किती मोकळा होतो, ते एकदा ऐकण्यासारखे आहे.

राहिला कानांचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकला तरी कानाला सहसा अपाय होत नाही. पुढे दर ३ डेसिबलांना हा काळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलपर्यंत पोचल्यास आठवड्याचा सगळा शिधा अर्ध्या तासाच्या आतच संपतो. आपण जुळविलेली सामग्री काचा लावलेल्या मोटारीत या पातळीला सहज पोचते. काचा उघड्या असतील, तर रस्त्यावरच्या लोकांनाही तिचा वाटा मिळतो. आपल्या देशात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते पहाटे ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. कान बधिर झाल्यासारखे वाटणे किंवा गाणे थांबल्यावर आत सूक्ष्म शीळ वाजत राहणे ही मर्यादा ओलांडल्याची खूण होय. आतील पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शेवटची एक तपासणी दुकानातून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी करावी. अर्धा तास नेहमीच्या आवाजात गाणी लावून गाडी फिरवावी, मग थांबवून बॅटरीजवळच्या फ्यूजच्या घराला, तारेच्या दोन्ही टोकांना आणि अर्थिंगच्या नटाला हात लावून पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल तर जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे, आणि ती दुरुस्त करून घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.